मालिकेतलं ब्रँड इंटिग्रेशन आणि ब्रिटनचं फीड: नंतर ब्लर करून भागेल का?

प्रश्न (विचारणाऱ्याचं टोपणनाव: ओट्यापाशी)
रोजच्या मालिकेत चहाच्या ब्रँडचं इंटिग्रेशन आलंय, म्हणजे पैसे घेऊन ब्रँड कथेतच दाखवायचा. पुडा ओट्यावर, एक क्लोजअप, सासूबाईंच्या तोंडी एकदा नाव. हेच एपिसोड चॅनेलच्या ब्रिटनमधल्या फीडवरही, म्हणजे तिकडच्या प्रक्षेपणातही जातात. तिथे ब्रँड चालला नाही तर पोस्टवाले (शूटनंतर संकलन करणारे) म्हणतात, नंतर ब्लर करू. चालेल? आणि ओट्यावरच्या बाकीच्या बाटल्यांचं काय?

लेबलवाला
ब्लर कुठे होतो ते आधी बघा. कॅमेरा स्थिर, पुडा स्थिर, तर सोपं काम. पण पुड्यावरून हात फिरला की फ्रेम-फ्रेम मास्क (ब्लर करायच्या भागाची कड) काढत बसावं लागतं, आणि रोजच्या मालिकेत तेवढा वेळ कोणाकडे असतो? त्यापेक्षा क्लोजअप दोनदा घ्या, दुसऱ्यांदा बिनलेबलच्या बरणीचा. नाव असलेलं वाक्य सुटं लिहा आणि त्या वेळी कॅमेरा सुनेवर ठेवा, म्हणजे वाक्य उडवलं तरी ओठ जुळवायला नकोत. संगीत संवादात मिसळून दिलं तर मात्र कापल्याजागी धक्का ऐकू येतो, दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवा.
बाकीच्या बाटल्यांना काळी टेप नको, नजर तिकडेच जाते. त्याच रंगाचं खोटं लेबल छापून चिकटवा. प्रतिस्पर्धी चहाचा डबा चुकून फ्रेममध्ये राहिला तर पहिला फोन सेल्सचा येतो.

नियमपुस्तक
मुळात पुडा झाकायची गरज असेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ऑफकॉमने (तिथली प्रसारण नियामक संस्था) २८ फेब्रुवारी २०११पासून व्यावसायिक वाहिन्यांवर सशुल्क प्लेसमेंटला, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमात वस्तू दाखवायला, परवानगी दिली. बीबीसीच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या वाहिन्यांना ती नाही. अट अशी की कार्यक्रमाच्या सुरुवातीला, प्रत्येक ब्रेकनंतर आणि शेवटी ‘पी’ची खूण (प्लेसमेंट आहे हे सांगणारं इंग्रजी P अक्षर) किमान ३ सेकंद दिसली पाहिजे. बाहेरून विकत घेतलेल्या कार्यक्रमाला ही खूण बंधनकारक नाही, पण फीड त्याच समूहाचं असेल तर ही सूट मिळत नाही.
खरी अडचण संवादाची. ‘हाच चहा आणा, याच्यासारखा दुसरा नाही’ ही सरळ जाहिरात झाली. खूण लावूनही ती चालत नाही, आणि ब्लरने तर मुळीच सुटत नाही. क्लोजअपलाही कथेत कारण हवं.

ओट्यापाशी
बाटल्या कंपनीने फुकट दिल्या असतील तर?

नियमपुस्तक
पैसे नाहीत आणि वस्तू किरकोळ किमतीची, तर ते तिथे प्लेसमेंट धरत नाहीत. उगाच ठळक दाखवायची मुभा मात्र तेव्हाही नाही.

लेबलवाला
आपल्याकडे अशी खूण नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ७ याबाबत म्हणतो की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. त्यामुळे इथे चालून गेलेलं वाक्य तिथे अडकतं. संवाद शूटच्या आधीच फीडच्या कम्प्लायन्सला (नियम पाळले जातात का ते तपासणाऱ्या विभागाला) पाठवा. आणि ब्रँडच्या करारात ‘परदेशी आवृत्तीत दृश्य वगळता येईल’ हे कलम घालून घ्या, नाहीतर कापलेल्या सेकंदांचे पैसे निर्मात्याच्या बिलातून वळते होतात.