भुऱ्याला जर्मनीला न्यायचंय, डिसेंबरपर्यंत जमेल का?

रानजाई (६ ऑगस्ट)
नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली. तो ऑक्टोबरमध्ये पुढे जातोय, मी डिसेंबरात. भुऱ्या आमचा गावठी कुत्रा, ४ वर्षांचा, १८ किलो. सासूबाई म्हणतात इथेच राहू दे, पण माझ्या पायाशी आल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. रेबीजची लस जूनमध्ये दिलीय, कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप नाही. सोबत नेता येईल का?

कोरांटी
येईल, पण उद्याच कामाला लागा. आधी चिप, मग लस, हा क्रम चुकवू नका. चिपच्या आधी दिलेली लस युरोपात धरतच नाहीत, त्यामुळे तुमची जूनची लस गेली. आमच्या कुत्र्याला, टिपूला, डॉक्टरांनी लस आधी टोचली आणि चिप १२ दिवसांनी बसवली. आम्हाला काय कळतंय! कागद करायला गेल्यावर चूक लक्षात आली. नवरा आणि मुलगा ठरल्याप्रमाणे गेले. मी आणि टिपू मात्र सामान हललेल्या घरात ४ महिने काढले. तो रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसायचा.

तुमचा हिशेब असा: उद्या १५ आकडी आयएसओ चिप बसवा आणि त्याच दिवशी लस द्या. निदान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या लॅबमध्ये टायटर टेस्ट, म्हणजे लसीने रक्तात रेबीजविरुद्ध किती अँटीबॉडी तयार झाल्या ते बघायची तपासणी. निकाल ०.५ आययू/मिली किंवा वर हवा. रक्त काढल्या दिवसापासून ३ महिने थांबायचं. म्हणजे ७ डिसेंबरच्या पुढचं तिकीट काढा. शेवटचं हेल्थ सर्टिफिकेट पशु क्वारंटाइनच्या ऑफिसातून घ्यायचं, आणि त्यावर सही झाल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायचं.

कागदांवर नाव तुमचंच घाला. मालकाच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर पडलं तर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात.

विमानात न्यायचा पिंजरा आत्ताच आणा. कान न टेकता उभं राहता यावं, वळता यावं, एवढा मोठा. आम्ही दार काढून तो हॉलमध्ये ठेवला आणि आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी आत घातली. आठवडाभर टिपू नुसतं नाक आत घालून मागे फिरायचा. मग एका दुपारी आपला आपण आत जाऊन घोरायला लागला. निघायच्या आदल्या रात्री पिंजऱ्यातली पाण्याची वाटी फ्रीझरमध्ये ठेवली. बर्फ हळूहळू वितळतो, पाणी सांडत नाही.

सह्यकडा
झोपेचं औषध देता का कोणी? आमचा फार भुंकतो.

कोरांटी
अजिबात नको! वर असताना रक्तदाब उतरला, श्वास मंदावला, तर बघायला जवळ कोणी नसतं. विमान कंपन्याही गुंगीतला कुत्रा घेत नाहीत. भुंकू दे.

पाणकोंबडी
लंडनमार्गे तिकीट काढू नका. ब्रिटनमध्ये विमानाने कुत्रा फक्त कार्गोतून येऊ देतात, शिवाय जंताच्या औषधाचा वेगळा नियम. थेट विमान बघा.

रानजाई
कोरांटीताई, खूप आभार. उद्या सकाळी ११ ची वेळ घेतलीय, चिप आणि लस एकदमच. टिपूने तिथे उतरल्यावर काय केलं?

कोरांटी
फ्रँकफर्टला बाहेर पडल्यावर पहिलं गवत दिसलं तिथे तंगडी वर केली ती बराच वेळ खाली घेईना. मग माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभा राहिला. मला रडूच फुटलं.