प्रजननकाळात दुसरा नर टाकीत ठेवावा की काढावा?

धागा सुरू करणारे, रावपुरा, बडोदा

माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच, म्हणजे साधारण २५० लिटरची टाकी आहे. तिच्यात आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले ऑराटस जातीचे सात मासे आहेत, दोन नर आणि पाच माद्या. ऑराटसची मादी पिवळीधमक, काळ्या पट्ट्यांची असते. नर वयात येऊन टाकीवर त्याचा वचक बसला की तो गडद, जवळजवळ काळा पडतो. पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या नराने सपाट दगडाखालची वाळू उकरून जागा केली आणि तेव्हापासून धाकट्याला त्याने उसंत दिलेली नाही. रविवारी सकाळी धाकटा पृष्ठभागाशी, फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून तिरका उभा होता. शेपटीचा पर मुळापर्यंत फाटलेला, एका कुशीवरचे खवले निघालेले. मी त्याला त्याच क्षणी वेगळ्या टाकीत हलवले.

माझे मत असे आहे की नराने जागा उकरायला घेतली की दुसऱ्या नराला बाहेर काढावे, जखम होण्याची वाट पाहू नये. सरोवरात हरलेला मासा दूर निघून जातो आणि भांडण तिथेच मिटते. चार फुटांच्या काचेत त्याने जावे कुठे? ‘आपोआप निवळेल’ म्हणून थांबणे मला क्रूरपणाचे वाटते.

उत्तर, मांडवी

धाकट्याला वाचवलेत हे उत्तमच केलेत, पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. मी बरीच वर्षे हेच मासे पाळतो आहे आणि माझ्या अनुभवात दोन नर ही सर्वांत वाईट संख्या आहे, कारण मोठ्याचा सगळा राग एकाच अंगावर निघतो. एकच नर ठेवलात तर तो माद्यांच्या मागे लागेल, आणि जी मादी अंडी द्यायला तयार नाही तिची गत तुमच्या धाकट्यासारखीच होईल. माझ्या पाच फुटी टाकीत वीसहून अधिक मासे आहेत. नर एकाच्या मागे धावतो न धावतो तोच दुसरा मासा त्याच्या हद्दीत शिरतो, आणि मार कोणा एकावर साचत नाही. नवे मासे सोडताना मी सगळे दगड हलवून मांडणी बदलतो, म्हणजे जुना मालकही क्षणभर पाहुणाच होतो.

धागा सुरू करणारे

दादा, गर्दीचा उपाय फिल्टरच्या भरवशावर उभा आहे. या माशांना पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या आसपासचे पाणी लागते, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की माशांच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. त्यात आपला मे महिना. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. दुपारी दोन-तीन तास वीज गेली तर सात मासे तग धरतील, वीस धरतील का? एकाला मारापासून वाचवायला सगळ्यांचा श्वास पणाला लावणे मला पटत नाही.

उत्तर, दांडिया बाजार

मी प्राणिशास्त्र शिकवत असे. माशांच्या संख्येपेक्षा हद्दीकडे लक्ष द्यावे, असे मी दोघांनाही आग्रहाने सांगेन. १९७३ च्या नोबेलचे एक मानकरी निको टिनबर्गेन यांनी स्टिकलबॅक माशाचे दोन नर दोन काचनळ्यांत ठेवले होते. दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या की पहिला चाल करून जाई आणि दुसरा पळू पाही. दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की नेमके उलटे होई. म्हणजे मासा तोच, पण जागा बदलली की त्याचे धैर्यही बदलते. म्हणून दगडांची रास टाकीच्या मध्यावर जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत रचावी, जेणेकरून एका टोकाचा नर दुसऱ्या टोकाला दिसणारच नाही. रास तळाच्या काचेवर टेकलेली असावी. वाळूवर रचली तर हे मासे खालून उकरून ती पाडतात.

आणि काढलेला नर आठवड्याने परत सोडू नका. त्याची जागा तोवर गेलेली असते आणि तो परका म्हणून मार खातो. आणखी एक गोष्ट. दबलेले नर अनेकदा मादीच्याच रंगात राहतात, तेव्हा नुसत्या पिवळ्या रंगावरून मोजलेल्या पाच माद्यांवर मी विसंबणार नाही.

उत्तर, कारेलीबाग

फायटर जातीच्या माशांच्या बाबतीत मात्र वाद नको. दोन नर एकत्र कधीच ठेवू नयेत, आणि अंडी घालून झाल्यावर मादीलाही लगेच काढावे, नाहीतर बुडबुड्यांच्या घरट्याची राखण करणारा नर तिलाही सोडत नाही. मला काळजी वेगळीच आहे, काढलेल्या नराचे पुढे काय? दुकानदार फाटक्या शेपटीचा मासा घेत नाही, मग काही लोक तो सूरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत सोडून येतात. परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडू नये, ही विनंती मी हात जोडून करतो. वेगळ्या टाकीची सोय नसेल तर जोडी लावण्याच्या भानगडीत पडूच नये.

धागा सुरू करणारे

धाकटा ठीक आहे, शेपटीच्या कडेला पारदर्शक नवा पर दिसू लागला आहे. तो माझ्याकडेच राहील. एका मादीने उबवण्यासाठी अंडी तोंडात धरली आहेत. तिचा जबडा फुगलेला आहे आणि ती खात नाही. सुमारे तीन आठवडे ती अशीच राहील, म्हणून तिलाही उद्या हळूच हलवणार आहे.

दांडिया बाजारच्या ताईंचे म्हणणे मात्र मला आज मान्य करावे लागते आहे. नर काढल्याला पाच दिवस झाले, आणि मी मादी म्हणून मोजलेल्या एका माशाचे पोट आज सकाळी पिवळ्याचे करडे झालेले दिसले. संध्याकाळी ते आणखी गडद होते, आणि मोठा नर दगडाखालून निघून सरळ त्याच्याकडे गेला. दगड आणायला उद्या सकाळीच निघतो. तोपर्यंत मध्ये जाळी लावून ठेवली आहे.