देवाचं बोलावणं आलं आणि तुम्ही गेलात, असं कधी झालंय? अनुभव लिहा

पैलतीर (धागाकर्ती):
काल बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 14व्या अध्यायातला मेजवानीचा दृष्टान्त वाचला. आमंत्रण दिलेले लोक सबबी सांगून येतच नाहीत. एकाने शेत घेतलंय, ते बघायला जायचंय. दुसऱ्याला बैलांच्या पाच जोड्या पारखायच्यात. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. तिघांचीही कारणं तशी खरीच की! वाचता वाचता एकदम जाऊबाई आठवल्या. आमचं बोलणं बंद होतं. एका दुपारी प्रार्थनेला बसले तर त्यांचंच नाव सारखं मनात. काय बोलायचं ते न ठरवताच चपला घालून निघाले. दार उघडून म्हणाल्या, "बरं झालं आलीस, हे टोक धर." पडदे लावत होत्या. माफीबिफी कुणीच मागितली नाही, पडदे तेवढे लागले. तुमचे अनुभव येऊ द्यात.

निवांत७:
पडदे!! हाहा. आमच्याकडे अजून काढलेलेच आहेत.

मृद्गंध:
मला मुलांचा प्रार्थनावर्ग घ्यायला सांगितलं तेव्हा मी बायबलमधला मोशेच झाले. देवाने त्याला इस्राएली लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला जा म्हटलं. त्याने किती सबबी सांगितल्या! मी कोण, लोक ऐकणार नाहीत, मला बोलता येत नाही, आणि शेवटी सरळ, दुसऱ्या कुणाला पाठव. देव रागावला, पण त्याचा भाऊ अहरोन याला बोलायला सोबत दिलं ना. मलाही एक ताई मिळाल्या. त्या गातात, मी गोष्टी सांगते. बाळ उठलं, नंतर लिहिते

शंकासुर:
प्रामाणिक प्रश्न. हे देवाचं बोलावणं की आपलीच लहर, कळतं कसं?

आजोबा_ऑनलाईन:
शंकासुर, बायबलमधल्या लहान शमुवेलाला देवाने रात्री हाक मारली, तेव्हा त्यालाही कळलं नव्हतं. तीनदा उठून एली या म्हाताऱ्या याजकाकडे (पुरोहिताकडे) धावला. एलीने सांगितलं तेव्हा कुठे उमगलं. म्हणून जाणत्या माणसाला विचारावं. पुढे संत झालेल्या इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सैनिकाचंही बघा. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचा विचार केला तर समाधान नंतरही टिकतं. मी तीच खूण धरतो. घाई करणारा आवाज बहुधा माझाच असतो.

शंकासुर:
हे पटलं. पैलतीरताई मात्र लगेच निघाल्या होत्या :)

पैलतीर:
अहो, ती घाई नव्हती, त्याआधी कित्येक महिने टाळलं होतं!

रातराणी_२:
माझं बोलावणं रोज रात्री येतं. सासूबाई हाक मारतात. अंथरुणाला खिळल्यात. विश्वास आहे, पण उठताना चिडचिड होतेच. देवाला तसंच सांगते, चिडून आलेय, चालवून घे.

मृद्गंध:
रातराणी, मिठी गं. पाठीला जखमा नाहीत ना झाल्या?

रातराणी_२:
माकडहाडाशी लाल झालंय.

निवांत७:
लाली दाबून बघा. पांढरी होत नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. तिथे चोळू नका. दर दोन तासांनी कूस बदला आणि हवेची गादी घ्या, भाड्यानेही मिळते.

रातराणी_२:
गादीचं माहीतच नव्हतं. उद्या चौकशी करते.