मुलाला ढकलावे की थांबावे? चिंता आणि कामाचा शोध

प्रश्न

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. पदवी मिळून दोन वर्षे झाली, पण त्याने अद्याप एकही मुलाखत दिलेली नाही. अर्ज लिहायला बसला की एकाच परिच्छेदाशी तासन्‌तास झगडतो आणि शेवटी तो पाठवतच नाही. एकदा मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचला होता, परंतु छातीत धडधड वाढली, हातांना घाम सुटला आणि तो तेथूनच परतला. तेव्हापासून त्याचे अर्ज मी भरते आणि फोन आला तर त्याचे वडील बोलतात. तो आळशी मुळीच नाही. घरातले बंद पडलेले कोणतेही उपकरण तो तहानभूक विसरून दुरुस्त करतो. आता तो सहा महिन्यांचा आणखी एक ऑनलाइन अभ्यासक्रम करू म्हणतो, आणि तो तिसरा असेल. नातेवाईक म्हणतात, जबरदस्तीने बाहेर काढा. मला ते पटत नाही, पण असेच थांबून राहणेही आता पटेनासे झाले आहे.

पहिला प्रतिसाद (समुपदेशक)

मुलगा दारातून परतला तेव्हा त्याला जे हायसे वाटले असेल, तेथेच खरी मेख आहे. टाळल्यामुळे मिळणारी सुटका मनाला शिकवते की धोका खरा होता आणि पळालो म्हणून वाचलो. त्यामुळे पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. वास्तविक अशी धडधड काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि आपोआप ओसरू लागते, पण तेथे थांबल्याशिवाय हे अनुभवाला येत नाही.

आपण अर्ज भरता आणि वडील फोन घेतात, हे मायेपोटीच होते. परंतु त्यातून मुलापर्यंत "हे तुला झेपणार नाही" असा निरोपही पोहोचतो. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी केवळ पालकांबरोबर काम करून मुलांची चिंता कमी करण्याची पद्धत विकसित केली आहे. ती मुख्यतः लहान वयाच्या मुलांसाठी असली, तरी तिचे तत्त्व आपल्याला उपयोगी पडेल : मुलाला बदलायला लावण्याआधी आपली मदत कोणत्या कामात कमी करायची ते ठरवावे, ते त्याला आधी सांगावे, आणि "तुला त्रास होईल हे आम्हाला कळते, पण तू तो पेलशील याचीही खात्री आहे" ही दोन्ही वाक्ये एकत्र बोलावीत. नुसती सहानुभूती किंवा नुसता आग्रह पुरत नाही.

एकदा डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण थायरॉइडची अतिक्रियाशीलता आणि अति कॉफी यांमुळेही अशीच धडधड होते. मात्र जगण्यात अर्थ नाही अशी भाषा त्याच्या तोंडी आली, तर नोकरीचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या.

दुसरा प्रतिसाद (रोजगार मार्गदर्शक)

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र आधी मन पूर्ण सावरू द्यावे आणि मग काम शोधावे, असा अर्थ कोणी त्यातून काढू नये. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी 1990 च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अशी पद्धत रुजवली की, लांबलचक पूर्वतयारीत वेळ न घालवता माणसाच्या आवडीचे खरे काम लवकर शोधायचे आणि काम सुरू झाल्यावरही आधार चालू ठेवायचा. "आधी प्रशिक्षण, मग नोकरी" या जुन्या वाटेपेक्षा या वाटेने अधिक लोक खऱ्या नोकरीपर्यंत पोहोचतात, असे अनेक देशांतील चाचण्यांत दिसले आहे. आपल्या मुलाची स्थिती तितकी गंभीर असेलच असे नाही, पण आत्मविश्वास कामाच्या आधी येत नाही, कामातून येतो, हे त्यालाही लागू पडते.

म्हणूनच तिसऱ्या अभ्यासक्रमाविषयी मी साशंक आहे. घरबसल्या शिकण्यात कोणी आपल्याला पाहत नाही, आणि त्याला भीती नेमकी पाहिले जाण्याचीच दिसते. तो दुरुस्तीत रमतो, तर एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास उमेदवारी करता येईल का, हे विचारावे. अशा ठिकाणी मुलाखत नावापुरतीच असते. बंद यंत्र पुढे ठेवले की हातच बोलतात. शिकायचेच असेल, तर प्रत्यक्ष कामाच्या जागी, एका ठरावीक माणसाच्या हाताखाली शिकता येईल असे प्रशिक्षण निवडावे.

तिसरा प्रतिसाद

मी स्वतः तीन वर्षे या अवस्थेत काढली आहेत, म्हणून लिहितो. माझ्या वतीने घरचे फोनवर बोलत तेव्हा मला बरे वाटे, आणि फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटे. मला उपयोगी पडलेली युक्ती अगदी साधी होती : फोन करण्याआधी पहिली दोन वाक्ये कागदावर लिहायची आणि ती वाचूनच बोलायचे. सुरुवात नोकरीच्या फोनने केली नाही. एखादे दुकान किती वाजता उघडते, एवढेच विचारायचो.

दुसरी गोष्ट, रोज जेवताना "आज काही झाले का?" असे विचारू नका. आमच्याकडे आठवड्यातील एक वार आणि अर्धा तास ठरला, आणि बाकीचे सहा दिवस मला घरात मोकळा श्वास घेता येऊ लागला.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल त्याच्याशी बोललो. अर्ज मी भरणे आजपासून बंद. फोन मात्र आणखी दोन आठवडे वडिलांनी घ्यावेत, असे त्यानेच मागून घेतले आणि आम्ही मान्य केले. अभ्यासक्रमाचा निर्णय तूर्त पुढे ढकलला आहे. एका दुरुस्तीच्या कार्यशाळेला पाठवायचा चार ओळींचा संदेश त्याने दुपारी लिहून ठेवला. तो अजून गेलेला नाही, आणि मी त्याला हात लावलेला नाही.