मदत हवी आहे: हृदयाचा 'माइनर अटॅक' नेमका कशावरून म्हणतात?

धानपट्टा (गडचिरोली): गावातली दोन डिस्चार्ज कार्डं समोर आहेत. एकावर 'अँटेरियर वॉल एमआय, ईएफ ३५ टक्के'. दुसऱ्यावर 'नॉन-स्टेमी, ट्रॉप-आय पॉझिटिव्ह, ईएफ ५५ टक्के'. छातीत जास्त दुखलं होतं दुसऱ्याच्या, पण घरचे म्हणतात, माइनर होता, गोळ्या बंद करू. धानकापणी तोंडावर आहे. कोणाला किती धोका, हे कार्डावरून कसं ओळखायचं?

नाडी_आणि_पट्टी: दुखणं किती, यावर झटक्याचा आकार ठरत नाही. शुगरवाल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना कधी फक्त घाम, दम, मळमळ होते आणि घरचे ओवा-सोडा देत बसतात.

तीन गोष्टी पाहा. हृदयाला रक्त देणारी नळी पूर्ण बंद की अर्धवट? पूर्ण बंद असेल तर ईसीजीत बहुधा एसटी (आलेखाचा एक भाग) उचललेला दिसतो, तो स्टेमी. नॉन-स्टेमीत ईसीजी जवळपास साधाही असू शकतो, ट्रोपोनिन (कार्डावरचं ट्रॉप-आय; हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढल्यावर निदान होतं. दुसरं, कोणती नळी? एमआय म्हणजे हृदयाचा झटका, अँटेरियर म्हणजे समोरची भिंत. तिला रक्त देणारी एलएडी डाव्या कप्प्याचा मोठा भाग सांभाळते, म्हणून तिथला झटका महागात पडतो. तिसरं, ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो. साधारण ५५ ते ७० ठीक, ४० च्या खाली पंपिंग कमजोर.

पण नॉन-स्टेमी म्हणजे माइनर नव्हे! सुरुवातीचे दिवस बरे जातात, वर्षभराचा धोका मात्र स्टेमीच्या तोडीचा राहतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुतेकांना १२ महिने चालतात. स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) असेल आणि मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी धरते.

वैनगंगाकाठ: एक भर. कार्डावर 'इन्फिरियर वॉल' (खालची भिंत) असलं की लोक हायसं वाटून घेतात. त्यात उजवा कप्पा सापडला असेल तर बीपी आधीच पडलेलं असतं, वर जिभेखाली सॉर्बिट्रेट (नळ्या सैल करणारी, बीपी उतरवणारी गोळी) ठेवली की माणूस कोसळतो. बीपी न मोजता शेजाऱ्याची गोळी देऊ नका. ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून द्यावी; ॲलर्जी वा रक्तस्राव असेल तर नाही.

आणि लवकर केलेली ट्रोपोनिन निगेटिव्ह आली म्हणून घरी पाठवू नये. ती वाढायला ३-४ तास लागतात. दुखणं चालूच असेल तर १५-३० मिनिटांनी ईसीजी परत काढावा, काही तासांनी ट्रोपोनिनही.

धानपट्टा (गडचिरोली): पहिल्या माणसाचं ईएफ ३५ वरच राहील का जी?

नाडी_आणि_पट्टी: तसंच काही नाही. झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न असतो. औषधं नियमित घेऊन ६ ते १२ आठवड्यांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) परत करा, खरा आकडा तेव्हा कळेल. तोवर भारे उचलणं बंद. रात्री उशा वाढवाव्या लागल्या, पाय सुजले किंवा २-३ दिवसांत वजन २ किलो वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा.

वैनगंगाकाठ: गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. स्टेमीत अँजिओप्लास्टी (फुग्याने बंद नळी उघडणं) १२० मिनिटांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच दवाखान्यात घ्यायचं. मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल तर ते चालत नाही, आधी सांगा. १२ तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या २-३ तासांत. मग ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी. एसटी निम्म्याने उतरला नाही तर लगेच पुढे हलवा, उतरला तरी २४ तासांत अँजिओग्राफी. फोन १०८ ला करा, मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, रेशनकार्ड-आधार सोबत ठेवा.