कॉलेजचा कार्बन हिशेब: झाडं वजा करून खरंच शून्य येतं का?

पाटीपेन्सिल
कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'साठी ग्रीन ऑडिट, म्हणजे परिसराचा पर्यावरणीय हिशेब, करायचंय. बाहेरच्या एजन्सीला देण्याऐवजी एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या मुलांकडून प्रकल्प म्हणून करून घ्यावं, असं विभागात ठरतंय. परिसर २२ एकर, दोन वसतिगृहं, उच्चदाब वीजजोडणी, वर्षाला महावितरणकडून साधारण अडीच लाख युनिट, छतावर ६० किलोवॅट सोलर, मोठी झाडं नऊशेच्या आसपास. मागच्या अहवालात 'परिसर कार्बन-निगेटिव्ह', म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन शोषतो, असं छापलंय, आणि ते कसं आलं हे कुणालाच सांगता येत नाही. कुठल्या नोंदी काढायच्या, झाडांचं गणित कसं मांडायचं, आणि यातून संशोधन म्हणावं असं काही निघेल का?

वीजमीटर
आधी हिशेबाची हद्द ठरवा आणि कागदावर लिहा. कॅन्टीन, बँकेची शाखा, झेरॉक्सवाला तुमच्या मीटरवर आहेत की वेगळ्या, हे न ठरवता सुरुवात केली तर पुढच्या वर्षीचा आकडा याच्याशी जुळणार नाही.

वीज: बारा महिन्यांची बिलं घ्या. उच्चदाब ग्राहकांची आकारणी २०२० पासून केव्हीएएचवर (ग्रीडमधून खेचलेल्या एकूण विजेवर) होते, पण हिशेबाला केडब्ल्यूएचचा (प्रत्यक्ष कामी आलेल्या युनिटांचा) रकाना घ्यायचा. मुलं हमखास ठळक छापलेला आकडा उचलतात, आणि पॉवर फॅक्टर (या दोन आकड्यांचं गुणोत्तर) वाईट असेल तर उत्सर्जन उगाच फुगतं. गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा, सध्या युनिटमागे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास. कुठल्या वर्षाचा घेतला ते लिहा. अडीच लाख युनिटांचे १८० टन होतात.

सोलर: जी वीज तुम्ही तिथल्या तिथे वापरता ती महावितरणच्या बिलात दिसतच नाही. जनरेशन मीटरचं वाचन वेगळं काढा. आपल्याकडे किलोवॅटला वर्षाकाठी १,३०० ते १,५०० युनिट मिळतात, म्हणजे ६० किलोवॅटचे साधारण ८४ हजार. त्याहून बरंच कमी असेल तर आधी पाण्याच्या टाकीची सावली आणि जानेवारीनंतरची धूळ बघा. बिलातले युनिट आधीच कमी झालेले असतात, तेव्हा सोलरचे युनिट पुन्हा वजा करू नका. ही चूक मी बऱ्याच अहवालांत पाहिलीय.

जनरेटरचं डिझेल लिटरला २.६८ किलो, मेसचा १९ किलोचा सिलिंडर साधारण ५७ किलो.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो एसीचा गॅस. वर्षभरात जेवढा भरला तेवढा गळाला, असं धरायचं. एका एसीत आर-३२ हा गॅस ८०० ग्रॅम भरला तर गुणक ६७५ (कार्बन डायऑक्साइडच्या तेवढे पट तापवणारा), म्हणजे ५४० किलो, साडेसातशे युनिट विजेइतके. आर-४१०ए असेल तर गुणक २,०८८. जुन्या यंत्रांतला आर-२२ वेगळ्या ओळीत दाखवतात. अडचण एवढीच की मेकॅनिकच्या बिलावर नुसतं 'गॅस चार्जिंग' असतं. सिलिंडर काट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन लिहिल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

कडुनिंब
झाडांबद्दल. 'निगेटिव्ह' कसं आलं असेल ते सांगतो: झाडात आजवर साठलेला कार्बन वर्षाच्या उत्सर्जनातून वजा केला असणार. बँकेतली आयुष्यभराची शिल्लक या महिन्याच्या पगारात धरण्यासारखं आहे ते.

उदाहरण घ्या. छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, बुंध्याचा घेर ९४ सेंमी. भागिले ३.१४, व्यास ३० सेंमी. उंची १२ मीटर, लाकडाची घनता ०.६ धरू. उष्णकटिबंधातल्या झाडांसाठी चालणारं २०१४ चं सूत्र: ०.०६७३ × (घनता × व्यासाचा वर्ग × उंची)^०.९७६. जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन सुमारे ३५३ किलो येतं. मुळांचे २६ टक्के मिळवा, ४४५. त्यातला कार्बन ०.४७ पट, आणि कार्बन डायऑक्साइडसाठी ४४/१२ ने गुणा. झाले अंदाजे ७७० किलो. नऊशे झाडं अशीच धरली तर ६९० टन. त्यातून १८० गेले की अहवाल निगेटिव्ह!

आता वर्षाची भर. व्यास वर्षात अर्धा सेंमी वाढला, तर याच सूत्राने भर पडते फक्त २५ किलोची. नऊशे झाडांची साडेबावीस टन. १८० पुढे साडेबावीस, हे खरं चित्र.

आणखी दोन चुका. एक, घेर भागायचा विसरून तोच व्यास म्हणून टाकला की उत्तर नऊपटीहून जास्त येतं. टेपवर 'घेर' आहे की 'व्यास', ते तक्त्याच्या मथळ्यातच छापा. दुसरी, वड-पिंपळासारख्या पारंब्या, फाटे असलेल्या झाडांना हे सूत्र आंधळेपणाने लावणं. १.३ मीटरच्या खाली फाटा फुटला असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजा. नारळ, सुपारी तर वेगळ्याच यादीत. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि मोजणीच्या जागी रंगाचा पट्टा द्या. पुढच्या वर्षी टेप तिथेच लागला नाही तर अर्ध्या सेंमीची वाढ हाती लागत नाही.

पाटीपेन्सिल
म्हणजे झाडं लावून हिशेब मिटत नाही. मग व्यवस्थापनाला पहिली शिफारस कुठली करावी? वर्गांत आणि वसतिगृहांत मिळून सहाशे पंखे आहेत, सगळे जुने.

वीजमीटर
पंखेच. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० वॅटचा. ४५ वॅट, दिवसाला ८ तास, वर्षाला २२० दिवस म्हणजे ७९ युनिट, ५७ किलो. एक पंखा बदलला की वरच्या हिशेबातल्या दोन झाडांहून जास्त. सहाशेचे ३४ टन. फक्त रिमोट वर्गात टिकत नाहीत, भिंतीवरच्या स्विचने चालणारं मॉडेल मागवा. जुना रेग्युलेटरही काढून टाका, त्याच्याशी बीएलडीसीचं जमत नाही.

स्लॅबखाली
संशोधनाबद्दल. वसतिगृहाच्या खोल्या किती तापतात, हा विषय घ्या. पुण्याच्या हवामान विभागाचा ग्रीडचा, म्हणजे नकाशावर चौकोन आखून दिलेला, डेटा फुकट मिळतो, पावसाचा १९०१ पासून, म्हणून सगळे तोच घेतात. त्याचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे बाजूला साधारण २७ किलोमीटर. तापमानाचा तर एक अंशाचा. त्यावरून जिल्ह्याबद्दल बोलता येईल, तुमच्या वसतिगृहाबद्दल नाही.

वसतिगृहाचं स्वतः मोजा. दहा तापमान-आर्द्रता लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं) घ्या. आधी सगळे ४८ तास एकाच खोलीत शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक नोंदवा, कारण स्वस्त लॉगरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक सहज असतो. मग वरच्या आणि मधल्या मजल्यावर, एकाच दिशेच्या खोल्यांत, पलंगाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर लांब. दर १५ मिनिटांनी नोंद. बाहेरच्या लॉगरला हवा खेळती राहील असं पांढरं छत्र हवं, नाहीतर तो हवेचं नाही, उन्हाचं तापमान दाखवतो.

एका बाजूच्या गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर किंवा परावर्तक रंग द्या, दुसरी तशीच ठेवा. नुसता चुना पहिल्या पावसाळ्यात उतरतो. रंग देण्याआधीचे किमान तीन आठवडे दोन्ही बाजू मोजलेल्या हव्यात, नाहीतर फरक रंगाचा की खोलीचा, हे सांगता येणार नाही. दुपारच्या दोनपेक्षा रात्री दहाचा आकडा बघा. स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतो, आणि मुलं खोलीत असतात तेव्हाच. मेमध्ये वसतिगृह रिकामं होतं, म्हणून फेब्रुवारीतच सुरू करा.

कडुनिंब
लॉगरची घड्याळं एकाच लॅपटॉपवरून लावा. एखाद्यात भारताऐवजी जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे साडेपाच तास मागची, राहिली, तर दुपार सकाळी उजाडते आणि महिनाभराने कळतं.