प्रतिसाद: पश्चात्तापाविना पाप आणि खरे तारण

‘जो पापात राहतो आणि पश्चात्ताप करीत नाही, त्याचे तारण (पापातून देवाने केलेली सुटका) मुळात झालेलेच नव्हते’ हे या चर्चेत मांडलेले मत बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रातील ३:९ या वचनाला (देवापासून जन्मलेला पाप करीत नाही) धरून आहे आणि त्यातील मूळ ग्रीक क्रियापद सातत्य दर्शवणारे असल्यामुळे, एखाद्या पतनाविषयी नव्हे तर पापाच्या चालू ठेवलेल्या जीवनक्रमाविषयी ते बोलते, हेही मला मान्य आहे. मात्र हा निर्णय कोणत्या क्षणी द्यायचा, हा प्रश्न चर्चेतून सुटून गेला आहे. इस्राएलचा राजा दावीद याने उरीयाची पत्नी बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला, उरीयाचा घात करवला आणि नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हा बथशेबाचे मूल जन्मलेले होते. म्हणजे कित्येक महिने तो पाप कबूल न करता राज्य करीत होता. त्या काळात त्याला पाहणाऱ्याने काय निष्कर्ष काढला असता?

नेदरलँड्समधील प्रॉटेस्टंट मंडळींच्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) नेमके दावीद आणि येशूला नाकारणारा त्याचा शिष्य पेत्र यांचेच उदाहरण घेऊन म्हटले की, असे विश्वासणारे पवित्र आत्म्याला दुःखी करतात, काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही गमावतात, तरी देव त्यांना पश्चात्तापाकडे परत आणतो. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये याउलट, प्राणघातक (म्हणजे गंभीर, जाणूनबुजून केलेल्या) पापाने कृपा खरोखर गमावली जाते, असे ठरवले. मला स्वतःला डॉर्टची मांडणी अधिक पटते, कारण बत्तिसाव्या स्तोत्रात पाप दडवणारा मनुष्य गप्प असला तरी स्वस्थ नाही. देवाचा हात रात्रंदिवस त्याच्यावर भारी आहे.